न घडलेल्या अपघाताची बातमी

(पावसाळ्याच्या तोंडावर हिंजवडी येथील कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'रेल्वेमार्गाची प्रतिबंधात्मक देखभाल कितपत परिणामकारक ठरते?' हा विषय आपण मला दिलात, तेव्हा प्रथम मी संकोचलो. समोर बसलेल्यांत निम्म्याहून अधिक अभियंते आहेत आणि मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला एक बातमीदार. परंतु विचार करता लक्षात आले, की या विषयाचे माझ्यावर एक जुने देणे आहे. आज ते फेडण्याचा प्रयत्न करतो.

तीस वर्षे मी वृत्तपत्रांत घालवली. अपघात झाला की बातमीदार धावतो. मृतांचा आकडा, नातेवाइकांचा आक्रोश, मंत्र्यांची भेट, चौकशीची घोषणा हे सारे आम्ही तत्परतेने लिहितो. पण जो अपघात होऊ शकला असता आणि कुणाच्या तरी जागरूकतेमुळे झाला नाही, त्याची बातमी मी आयुष्यात एकदाच लिहिली आणि ती छापून आली नाही. त्या बातमीकडे मी पुढे येईन.

निगा आणि डागडुजी

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. मोडल्यावर करतात ती डागडुजी आणि मोडू नये म्हणून राखतात ती निगा. कोकणातल्या घरांत मृगापूर्वी आगोटीची लगबग असे. छप्पर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, सरपण कोरड्या जागी रचायचे. ही सारी कामे आभाळ निरभ्र असताना व्हायची. पाणी गळू लागल्यावर शिडी शोधणाऱ्याला गावात कुणी शहाणे म्हणत नसे. आयुर्वेदानेही निरोग्याचे आरोग्य राखण्याला रोग्याच्या उपचाराइतकेच महत्त्व दिले आणि त्यासाठी दिनचर्या व ऋतुचर्या सांगितली.

रेल्वेमार्गालाही अशी दिनचर्या आणि ऋतुचर्या असते. आपण गाडीत डुलक्या घेत असतो, त्याच मार्गावर त्या दिवशी एक किमन आपल्या वाट्याचे अंतर पायी चालून गेलेला असतो. रुळाला स्लीपरशी जखडणाऱ्या पकडी सैल झाल्या आहेत का, जोड सुस्थितीत आहे का, खडी सरकली आहे का, हे तो पाहतो. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून वाकण्याचा धोका असतो, म्हणून भर दुपारी गस्त असते. थंडीत रूळ आकसून तडकण्याचा संभव असतो, म्हणून रात्री आणि पहाटे गस्त असते. पावसाळ्याची गस्त तर सर्वांत खडतर. याखेरीज ठरावीक मुदतीने रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. डॉक्टर सोनोग्राफी करतात तोच हा प्रकार. पोलादाच्या पोटातली, डोळ्यांना न दिसणारी चीर ध्वनिलहरींनी शोधली जाते. मार्गाचे माप घेणारी स्वतंत्र गाडी रुळांतील अंतर, उंची आणि वळण नोंदवीत जाते आणि त्या नोंदीवरून खडी कुठे पक्की करायची ते ठरते.

आता मुख्य प्रश्न. याचा उपयोग होतो का? होतो, असे म्हणणे सोपे आहे. सिद्ध करणे अवघड. कारण निगा यशस्वी झाली की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचे कारण निगा की दैव, हे सांगता येत नाही. त्यासाठी तोच डोंगर, तोच पाऊस आणि तोच मार्ग आधी आणि नंतर पाहावा लागतो. असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

नवा मार्ग आणि जुना डोंगर

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग उभा राहिला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्ण लांबीने सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. ज्या काळात 'आपल्याकडे काही वेळेवर होत नाही' हे पालुपद होते, त्या काळात आपल्याच अभियंत्यांनी हे करून दाखवले. त्याचा सार्थ अभिमान आपल्याला वाटला आणि वाटावा.

परंतु २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. एक वर्ष जाते न जाते तोच १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस मार्गावर पडलेल्या दगडांमुळे पुलाजवळ घसरली आणि सुमारे वीसजणांनी प्राण गमावले. मार्ग पूर्ण होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. नवे म्हणजे निर्धोक नव्हे, हा धडा आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो.

असे का झाले? रूळ सपाटीवर नेण्यासाठी डोंगर उभे कापावे लागतात. डोंगराच्या अंगावरची ती ताजी जखम असते. वर जांभा, मध्ये मातीचे थर, खाली कातळ अशी कोकणातली रचना. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पाणी फटींतून आत शिरते, माती जड व निसरडी होते, दगडांचा आधार सुटतो. डोंगर अशा कापणीनंतर स्थिर व्हायला वर्षानुवर्षे घेतो. तोवर त्याच्याकडे लक्ष ठेवणे हाच उपाय.

त्या दोन आघातांनंतर जे झाले, ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर फारसे आले नाही. उभे उतार छाटून कमी केले गेले, त्यांना पायऱ्या दिल्या गेल्या. दगड अडवायला पोलादी जाळ्या बसल्या. मातीत लोखंडी सळया खोल रोवून ती बांधली गेली, कातळावर सिमेंटचा लेप फवारला गेला. कड्यावरचे पाणी कापणीत उतरू नये म्हणून वरच्या बाजूला गटारे खोदली गेली आणि दरवर्षी ती उपसली जाऊ लागली. उतारांवर वाळा लावला गेला. ज्याचे पडदे आपण उन्हाळ्यात खिडकीला लावतो, तोच हा वाळा. त्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. दरड कोसळताच इशारा देणारी 'रक्षा धागा' नावाची यंत्रणाही याच मार्गावर विकसित झाली.

आणि या साऱ्यावर माणसांची राखण. २०२४ च्या पावसाळ्यात या मार्गावर गस्तीसाठी ६७२ कर्मचारी नेमले होते. नऊ स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा, चार उंच वा लांब पुलांवर वायुवेगमापक. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले, तर गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यायची, अशी चालकांना सूचना असते. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच वेगळे असते आणि त्यात गाड्या मुद्दाम धिम्या केलेल्या असतात. मुंबईहून गावी जाताना तास-दोन तास अधिक लागले की आपण कुरकुरतो. तो उशीर म्हणजे आपल्याच जिवाचा विमा असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

फलित काय? डोंगर पडायचे थांबले, असे मी म्हणणार नाही. ९ आणि १० जुलै २०२४ रोजी पेडण्याच्या बोगद्यात पाणी घुसून वाहतूक ठप्प झाली. त्याच आठवड्यात, १४ जुलैला, खेडच्या उत्तरेला दिवाणखवटीजवळ माती रुळांवर आली. हजारो प्रवासी खोळंबले, गाड्या रद्द झाल्या, वाहिन्यांवर दिवसभर टीका चालली. पण २००३ आणि २०२४ शेजारी ठेवून पाहा. तेव्हाही डोंगर खाली आला, आताही आला. तेव्हा त्यावर गाडी आदळली. आता गाड्या आधीच थांबलेल्या होत्या. निगेचे माप हेच. ती संकट नाहीसे करत नाही. संकट आणि माणूस यांच्यामध्ये अंतर राखते.

छापून न आलेली बातमी

आता माझी बातमी सांगतो. वैभववाडीच्या अपघाताच्या रात्री मी एका दैनिकात वृत्तसंपादकांच्या हाताखाली होतो. मृतांचा आकडा बदलेल तसे मथळे बदलत पहाट झाली. पुढे काही वर्षांनी, भर आषाढात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा स्थानकावर मी रात्री अडकलो होतो. पावसात भिजत एक गस्तवाला आला. अंगावर रेनकोट, हातात कंदील, खांद्याला पिशवी. त्या पिशवीत काय आहे, असे मी कुतूहलाने विचारले. चाक वरून जाताच मोठा आवाज करणारे चपटे फटाके त्यात होते. मार्ग अडलेला दिसला, तर धोक्याच्या जागेपासून सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे, हा नियम. म्हणजे पावसात, काळोखात, खडीवरून सव्वा किलोमीटर धावत जायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीला गाठायचे.

मी विचारले, "दादा, आजवर किती दरडी बघितल्यात?"

तो म्हणाला, "दरड दिसली तर माणूस जागा होतोच, साहेब. काही नसतं त्या रात्रीसुद्धा नीट बघत चालायचं, ते कठीण."

मी परत येऊन त्याच्यावर लिहिले. वरिष्ठांनी विचारले, "अपघात झाला का?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "मग बातमी कसली?" मीही वाद घातला नाही. कागद खणात गेला. आज वाटते, दोष त्यांचा नव्हता, एकट्या माझाही नव्हता. आपण सारा समाजच असा झालो आहोत. आग विझवणाऱ्याचा सत्कार करतो. आग लागू न देणाऱ्याचे नावही विचारत नाही.

निगा कुठे फसते?

देशपातळीवरचे आकडेही बोलके आहेत. २००१ साली अटलजींच्या सरकारने १७,००० कोटींचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी उभारला. जुने रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्याचे साचलेले काम त्यातून हाती घेतले गेले. त्यासाठी तिकिटावर अधिभार बसला आणि लोकांनी तो निमूटपणे दिला. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे २०००-०१ मध्ये ४७३ गंभीर अपघात झाले होते. २०२४-२५ मध्ये ३१. या घटीचे सारे श्रेय निगेला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. रखवालदार नसलेली फाटके ब्रॉडगेजवरून २०१९ च्या आरंभी संपली, नवे डबे आले, सिग्नल सुधारले. पण रूळ बदलणे आणि तपासणे याचा त्यात मोठा वाटा आहे, यात शंका नाही.

मग अपघात का होतात? मला तीन कारणे दिसतात.

पहिले, कागदावरची निगा. १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून सातजण दगावले. त्याच्या आदल्या वर्षीच, ३ जुलै २०१८ रोजी, अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर पडला होता आणि त्यानंतर साऱ्या पुलांच्या तपासणीची धांदल उडाली होती. तरीही टर्मिनसजवळचा तो पूल, किरकोळ दुरुस्ती सुचवून, वापरास योग्य ठरवला गेलेला होता. तपासणी झाली नाही, असे नव्हते. झाली, पण ती डोळ्यांनी झाली नाही, शिक्क्याने झाली. अशी तपासणी न केलेल्या तपासणीहून घातक असते, कारण ती सावध माणसालाही निर्धास्त करते.

दुसरे, चुकीच्या हातांची निगा. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील जुनी चूक आणि त्या दिवशी फाटकाच्या दुरुस्तीसाठी चाललेले काम यांकडे बोट दाखवले गेले. म्हणजे जे हात राखायला गेले, त्यांच्याच कामातून घात झाला. आपल्यापैकी जे संगणकक्षेत्रात आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. चालत्या प्रणालीत एक बारीकशी दुरुस्ती घालावी आणि चाचणी न करता ती सुरू करावी, त्याचे काय होते हे आपण रात्री-अपरात्री अनुभवलेले आहे. तिथे सर्व्हर बंद पडतो. इथे माणसे मरतात. काम केल्यानंतरची तपासणी हा निगेचाच भाग आहे. ती टाळली, तर न केलेले काम बरे.

तिसरे, वेळेचा आणि पैशाचा दुष्काळ. भारताच्या महालेखापालांनी रूळ घसरण्याच्या घटनांवर २०२२ साली अहवाल दिला. मार्ग मोजणाऱ्या गाड्यांच्या नियोजित तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट त्यांना आढळली. अभियांत्रिकी विभागाशी निगडित ४२२ घटनांपैकी १७१ घटनांत रुळांची अपुरी देखभाल हे कारण होते. सुरक्षेसाठी राखलेल्या निधीतला काही पैसा भलत्याच वस्तूंवर खर्च झाल्याचेही त्यांनी नोंदवले. सरकार कोणाचेही असो, हे वाचून मान खाली घालावी लागते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ सालीच सुरक्षेसाठी मोठ्या गुंतवणुकीची निकड सांगितली होती. शहाणपण आपल्याकडे कमी नाही. ते अमलात आणण्याची घाई मात्र अपघातानंतरच होते.

रविवारचा मेगाब्लॉक

निगेला सर्वाधिक काय लागते? रिकामा रूळ. गाडी धावत असताना खाली काम करता येत नाही. जपानची शिंकान्सेन १९६४ पासून धावते आहे आणि आजवर गाडी घसरून वा धडकून तिचा एकही प्रवासी दगावलेला नाही. तिथे मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गाड्या बंद असतात. ते सहा तास रुळांचे असतात. आपल्याकडे त्याच रुळांवर मेल, लोकल आणि मालगाडी अशा तिघींची रीघ. मग रविवारी मेगाब्लॉक घ्यावा लागतो आणि आम्ही वृत्तपत्रवाले मथळा देतो, 'प्रवाशांचे हाल'. मीही असे मथळे दिले आहेत. त्या दिवशी काय दुरुस्त झाले, हे सांगायला मात्र विसरलो.

आपल्या दारातले उदाहरण घ्या. भोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट अशी चढण आणि डोक्यावर सुटलेले कडे. दीडशेहून अधिक वर्षे हा मार्ग चालतो आहे, त्यामागे डोंगरावर चढून सैल झालेले दगड शोधणारी, त्यांवर खुणा करणारी आणि मार्ग बंद ठेवून ते स्वतःच खाली पाडणारी माणसे आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ या भागात मार्गाची हानी झाली आणि कित्येक आठवडे पुणे-मुंबई गाड्या रद्द होत राहिल्या. तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे हाल झाले असतील. पण हानी झालेल्या मार्गावरून गाडी दामटण्यापेक्षा ती बंद ठेवण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांचे आभार आपण मानले का?

आपले कर्तव्य

आता हिंजवडीकडे येतो. माणपासून शिवाजीनगरपर्यंत २३ किलोमीटरहून अधिक लांबीचा मेट्रोचा उन्नत मार्ग आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला आहे. खासगी भागीदारीतला हा प्रकल्प असून करार ३५ वर्षांचा आहे. कोंडीत रोज दोन-दोन तास घालवणाऱ्या आपल्याला त्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण कोकण रेल्वे आठवा. फीत कापली जाते, त्या दिवशी काम संपत नाही. निगेचे पहिले पान त्याच दिवशी उघडते. आपण सुजाण नागरिक म्हणून तिकिटाच्या दराइतकाच आणखी एक प्रश्न विचारत राहिले पाहिजे. देखभालीचे वेळापत्रक काय आहे, ते पाळले जाते का आणि त्याची नोंद लोकांना पाहायला मिळते का?

आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते. देऊळ बांधणारा केवळ कळस चढवून थांबत नसे. दिवाबत्तीसाठी, पूजेअर्चेसाठी जमिनीचे उत्पन्न लावून देई. देऊळ एकदाच बांधायचे असते. दिवा रोज लावावा लागतो, हे त्याला ठाऊक होते. आज आपण कळस चढवण्याचे सोहळे थाटात करतो आणि तेलाची तरतूद विसरतो. राष्ट्र उभारणे म्हणजे जसे नवे बांधणे, तसेच बांधलेले राखणे. दुसरे काम अधिक कठीण, कारण त्याला टाळ्या नाहीत.

विषयात विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. प्रतिबंधात्मक देखभाल निश्चित परिणामकारक ठरते. पण ती मनापासून, पुरेशा वेळात आणि खऱ्या डोळ्यांनी केली तरच. आणि ती तशी होण्यासाठी समाजाला तिचे मोल कळावे लागते.

म्हणून एक विनंती. येत्या पावसाळ्यात कोकणात वा घाटातून जाताना गाडी मध्येच थांबली, खिडकीबाहेर पावसात एखादा कंदील हलताना दिसला, तर घड्याळाकडे पाहण्याआधी क्षणभर त्या कंदिलाकडे पाहा. आपल्या मुलांनाही तो दाखवा. त्यांना सांगा, की आज काही घडले नाही, कारण कुणीतरी काहीच नसलेल्या रात्रीसुद्धा नीट बघत चालला होता.

ती बातमी मला तेव्हा छापता आली नाही. आज आपण ऐकलीत.